दामूअण्णा मालवणकर : दुय्यम भूमिकांतील एक श्रेष्ठ नट

मराठी रंगभूमीचा इतिहास वाचू लागले म्हणजे एखाद्या मोठ्या घरच्या पंगतीची आठवण होते. मानाच्या पाटांवर नाटककार बसलेले असतात. त्यांच्या शेजारी गायक-नट, त्यांच्यानंतर स्त्रीभूमिका गाजविणारे नट, आणि मग कंपन्यांचे मालक. विनोदी नटाची आठवण व्हायची ती पंगत उठल्यावर, विडा खाताना आचाऱ्याची व्हावी तशी. ‘अमक्याने अमकी विनोदी भूमिका झकास वठविली’ एवढ्या एका वाक्यावर त्याची बोळवण होते. ती भूमिका झकास म्हणजे कशी, तिने नाटकात नेमके कोणते कार्य केले, आणि त्या नटावाचून त्या नाटककाराचा विनोद आपल्याला आज जसा कळतो तसा कळला असता काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. दामूअण्णा मालवणकर (१८९३-१९७५) यांच्या निमित्ताने ते विचारावेत, असा आमचा या लेखात हेतू आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. दामूअण्णांना प्रत्यक्ष रंगभूमीवर पाहण्याचा योग आम्हांला लाभला नाही. त्यांचे निधन झाले तेव्हा आमचे वय ते लाभण्याजोगे नव्हते. आम्ही त्यांना पाहिले ते पडद्यावर, जुन्या आणि ठिकठिकाणी फाटलेल्या आवाजाच्या प्रतींतून. आणि ज्या प्रसंगामुळे त्यांच्याविषयी गांभीर्याने विचार करणे भाग पडले, तो प्रसंग आमच्या शाळेतला आहे.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी एक नाटुकले बसवीत होतो. त्यात एका विसराळू गड्याचे काम होते. इयत्ता आठवीतल्या एका मुलाचा डावा डोळा तिरळा होता. मुलगा हुशार, वाणी स्वच्छ, परंतु गड्याचे काम त्याला देताना आमच्या तोंडून गेलेले वाक्य असे होते : “तुला फारसे काही करावेच लागणार नाही. नुसता येऊन उभा राहिलास तरी लोक हसतील.” हे आम्ही कौतुकानेच बोललो, असे तेव्हा आम्हांला वाटले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कार्यालयात आला, हातातली नक्कल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “सर, मला पडदा ओढायचे काम द्या.” पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलांत घालवलेल्या मनुष्याला त्याच्या म्हणण्याचा अर्थ कळायला एक रात्र लागावी, ही गोष्ट काही भूषणावह नव्हे. परंतु त्या रात्री आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते दामूअण्णा. तेही तिरळे होते. ते नुसते येऊन उभे राहत आणि लोक हसत, असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते ऐकीव मत कितपत खरे आहे?

या प्रश्नाला आमच्या भागात एक विशेष संदर्भ आहे. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून मराठी नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत हुबळी-धारवाडचा मुक्काम ठरलेला असे. परंतु ऋण एकाच बाजूचे नाही. उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले, आणि त्यापासून स्फूर्ती घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले, हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी संगीत नाटकाला रूप दिले ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते गुर्लहोसूरला. तेही आमच्याच मुलुखातले. यक्षगानात ‘हास्यगार’ हा एक मानाचा पात्रविशेष असतो. राजा, राक्षस, दूत, ब्राह्मण यांच्यामध्ये तो मोकळा वावरतो. देवांची भाषा तो माणसांच्या भाषेत उतरवून देतो. भाव्यांच्या नाटकांतला विदूषक सूत्रधाराशी जी सलगी करतो, तिचे त्याच्याशी नाते आहे. म्हणजे ज्याला आपण आज ‘दुय्यम’ म्हणतो तो विनोदी नट मुळात प्रेक्षक आणि नाटक यांच्यामधला दुभाषा होता. पुढे संगीत नाटकात पदांचे प्रस्थ वाढले, आणि दोन पदांमधला वेळ भरून काढणारा इसम एवढेच त्याचे स्थान उरले. दामूअण्णा रंगभूमीवर आले ते या अवनत स्थानावर.

दामूअण्णांचे नाव झाले ते बळवंत संगीत मंडळीत. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी ही संस्था काढली. राम गणेश गडकऱ्यांनी आजारात, मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पुरे केलेले ‘भावबंधन’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. नाटक त्यांनी पाहिले नाही. दीनानाथांची लतिका आणि चिंतामणरावांचा घनश्याम या भूमिकांनी नाटक गाजले, हे सर्व इतिहासग्रंथांत आहे. त्याच नाटकात दामूअण्णा कामण्णा झाले, आणि या भूमिकेने त्यांची ओळख कायमची ठरून गेली.

‘कामण्णा’ हे नाव आमच्याकडच्या कानाला दुहेरी ऐकू येते. होळीच्या दिवसांत हुबळी-धारवाडकडे गल्लोगल्ली कामण्णा बसतो. कामण्णा म्हणजे मदन, शेजारी रती. पोरे त्याच्यापुढे बोंबा मारतात, नको ते बोलतात, आणि शेवटी त्याला जाळतात. पण येथून जवळच नवलगुंदला रामलिंग कामण्णा आहे. तेथे लोक नवस बोलायला येतात आणि रांगा लावून दर्शन घेतात. ज्याची टवाळी करायची, त्याच्याचपुढे हातही जोडायचे! लोकमानसाला यात विसंगती वाटत नाही. विनोदी नटाचे स्थान समजून घ्यायला याहून चांगला दृष्टान्त आम्हांला सुचत नाही. मात्र रंगभूमीवरच्या कामण्णाच्या वाट्याला प्रारंभी टवाळीच अधिक आली.

गडकऱ्यांचा विनोद शब्दांचा आहे. कोटी, अतिशयोक्ती, उपमांची माळ आणि तर्काला दिलेली हास्यास्पद कलाटणी ही त्याची आयुधे. त्यांची विनोदी पात्रे जणू बाळकरामाच्याच मुखाने बोलतात. असा विनोद वाचताना बहारीचा वाटतो. परंतु रंगभूमीवर त्याच्यापुढे एक संकट उभे राहते. नट त्या वाक्यांची चमक स्वतःच दाखवू लागला, प्रत्येक कोटीनंतर प्रेक्षकांकडे पाहून ‘कशी काय?’ असे डोळ्यांनीच विचारू लागला, की पात्र संपते आणि पाठांतर उरते. शाळांच्या संमेलनांत गडकऱ्यांचे प्रवेश बसवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. येथे शब्दांचा वेग सहन करू शकेल असा स्थिर चेहरा हवा. कोटी करणाऱ्याला ती कोटी आहे हे ठाऊकच नसावे. तो आपला विचार अगदी प्रामाणिकपणे मांडीत असावा. दामूअण्णांच्या मुद्रेचा गुण तो हाच. त्यांच्या डोळ्यांमुळे ते नेमके कोणाकडे पाहत आहेत हे समोरच्याला कळत नसे, आणि म्हणून ते प्रेक्षकांकडून शाबासकी मागत आहेत असा संशयही येत नसे. पडद्यावर हा गुण आजही पारखून घेता येतो. वाक्य हसविते, चेहरा मात्र हसण्यात भाग घेत नाही.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. कामण्णाला हसताना प्रेक्षक त्या डोळ्यालाही हसत होते. शारीरिक व्यंगावरचा विनोद त्या काळच्या रंगभूमीला वर्ज्य नव्हता. तोतरे, बहिरे, कुबडे, तिरळे ही विनोदाची सिद्ध सामग्री मानली जाई. नटाने आपले व्यंग भांडवल म्हणून वापरले, यात त्याची अगतिकता किती आणि कला किती, हे एकाच भूमिकेवरून सांगता येणार नाही. त्यासाठी त्यांचा पुढचा प्रवास पाहावा लागतो.

बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. १९३४ च्या सुमारास खुद्द बळवंत मंडळी सांगलीस चित्रपटाकडे वळली. अनेक गुणी नटांच्या वाट्याला या स्थित्यंतरात विपन्नावस्था आली. दामूअण्णांना आश्रय मिळाला तो मास्टर विनायकांच्या वर्तुळात. कोल्हापुरास १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हंस’ने आचार्य अत्रे यांच्या लेखणीला पडद्यावर आणले : ‘धर्मवीर’, ‘प्रेमवीर’, मग १९३८ चा ‘ब्रह्मचारी’, आणि १९३९ चा ‘ब्रँडीची बाटली’. या शेवटच्या चित्रपटात दामूअण्णा प्रमुख भूमिकेत आले. साथ देणारा नट मध्यभागी उभा राहिला तर काय होते, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

कथा साधी आहे. बगाराम हा म्युनिसिपालिटीतला बापडा कारकून. ज्या मुलीवर त्याचे मन बसले आहे, तिच्या आजारी भावाला औषध म्हणून ब्रँडी हवी आहे. बगाराम ती आणण्याचे पत्करतो; परंतु ब्रँडी म्हणजे काय, ती कोठे मिळते, हे त्या निर्व्यसनी जिवाला मुळीच ठाऊक नाही. एवढ्या भांडवलावर तो शहरभर हिंडतो. काळ असा, की मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ दारूबंदीचा प्रयोग करीत होते आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात ती अमलातही आली. ज्या वस्तूविषयी राजकारणात, वर्तमानपत्रांत, व्यासपीठांवर अहोरात्र वाद चालला होता, ती वस्तू न ओळखणारा एक मनुष्य अत्र्यांनी रस्त्यावर सोडून दिला.

अत्र्यांचा विनोद गडकऱ्यांच्या शाळेतला खरा, आणि गडकऱ्यांना ते गुरू मानीत. पण त्याचा रोख समाजावर आहे. तो ढोंग शोधतो. आणि ढोंग उघडे पाडायला हुशार मनुष्यापेक्षा भोळा मनुष्य अधिक उपयोगी पडतो, हे अत्र्यांना पक्के ठाऊक होते. हुशार मनुष्याने टीका केली तर ढोंगी लोक सावध होतात. भोळ्याने निरागस प्रश्न विचारला तर ते आपले आपणच उघडे पडतात. बगारामाला जो जो भेटतो, तो तो आपले बिंग फोडून जातो. दामूअण्णांच्या अभिनयाचे मर्म येथे दिसते. त्यांचा बगाराम कोणाचीही टवाळी करीत नाही. त्याला समोरच्याविषयी आदर आहे, किंचित भीतीही आहे. आणि हाती घेतलेले काम पुरे करण्याची कारकुनी निष्ठा आहे. त्याचा डोळा तोच आहे, वाकडा. परंतु आता प्रेक्षकाचे लक्ष तो डोळा कसा दिसतो यावर राहत नाही, त्या डोळ्याला काय दिसते यावर जाते. हसू बगारामावरून सरकते आणि त्याच्या समोरच्या सभ्य जगावर जाऊन पडते. कामण्णापासून बगारामापर्यंत वीस वर्षांत त्या एका डोळ्याचा असा प्रवास झाला, आणि आमच्या मते दामूअण्णांचे नटजीवन म्हणजे हाच प्रवास होय.

या चित्रपटाला दोष नाहीत असे नाही. सारी इमारत एकाच अज्ञानाच्या खांबावर उभी असल्यामुळे ती पुढे पुढे डळमळते. प्रसंगातून प्रसंग निघण्याऐवजी एकाच प्रसंगाच्या आवृत्त्या निघत आहेत असे वाटू लागते. अत्र्यांना वाक्याचा मोह आवरत नाही. बगारामाला न शोभणारी चतुराई मधूनच त्याच्या तोंडी येते. परंतु अशा ठिकाणी नट लेखकाला सावरून घेतो. ते चतुर वाक्य दामूअण्णा इतक्या गोंधळलेल्या मुद्रेने म्हणतात, की ते बगारामाला कोणीतरी पढविले असावे असे वाटते. नटाने लेखकावर केलेली ही मूक टीकाच आहे, आणि ती आम्हांला कित्येक छापील टीकालेखांहून मार्मिक वाटते.

तिसरा टप्पा चिं. वि. जोशी यांचा. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकविणाऱ्या या विद्वानाने मराठीला चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी दिली. १९४० साली ‘नवयुग’ने ‘लग्न पहावं करून’ काढला. दिग्दर्शक विनायकच. दामूअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’मध्येही हीच जोडी होती.

येथे नटापुढची अडचण अगदी निराळी होती. पुस्तकातला चिमणराव स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो. आपण किती भित्रे, किती ओशाळे आणि किती सहज फसणारे आहोत, हे तो इतक्या सरळपणे सांगतो की ते आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही. सारा विनोद या निवेदनात आहे. पडद्यावर निवेदन नाही. तेथे चिमणराव दिसतो. जो आवाज आपण मनातल्या मनात ऐकत होतो, त्याला नाक, डोळे, टोपी आणि कोट मिळतात. पुष्कळ वाचकांना अशा वेळी ‘हा आमचा चिमणराव नव्हे’ असे वाटते, आणि ते वाटणे अगदीच निराधार नसते. चिं. विं.च्या लेखणीने चिमणरावाला तिरळे केलेले नाही. पण निवेदनातील आत्मविस्मृतीची जागा भरून काढू शकणारे काही पडद्यावर हवे होते, आणि ते दामूअण्णांच्या चेहऱ्यात होते. स्वतः हास्यास्पद झाल्याची ज्याला गंधवार्ता नाही, असा तो चेहरा. जोगांचा गुंड्याभाऊ शेजारी आडवातिडवा उभा राहिला, की चिमणराव आपोआपच आक्रसून जातो. आणि मग लग्न जुळविण्याच्या खटपटीत अपमान गिळणारा, देण्याघेण्याच्या बोलाचालीत घाम पुसणारा हा गृहस्थ आपल्याच घरातला वाटू लागतो. येथे प्रेक्षक त्याला हसत नाही, जगालाही हसत नाही. स्वतःच्या वडिलांना, काकांना, अखेर स्वतःलाच हसतो. या भूमिकेत तो डोळा आपण विसरून जातो. नटाचा याहून मोठा विजय कोणता?

पुढे १९७७ पासून दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हीच जोडी उभी केली आणि आमच्या पिढीच्या मनात चिमणरावाची तीच मूर्ती ठसली. प्रभावळकरांचा चिमणराव अधिक चपळ, अधिक सूक्ष्म आहे; पुस्तकातल्या निवेदकाचे भान त्याच्यात अधिक उतरले आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु चिमणरावाचा केविलवाणेपणा आवाज न चढविता, अंगविक्षेपांवाचून दाखविता येतो, ही वाट पडद्यावर आधीच पडलेली होती.

गडकरी, अत्रे आणि चिं. वि. जोशी. मराठी विनोदाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही तीन नावे तीन निरनिराळ्या प्रकरणांत येतात. शब्दनिष्ठ विनोद, विडंबन आणि प्रसंगनिष्ठ, घरगुती विनोद असे त्यांचे वर्ग पाडले जातात. आमचे विद्यार्थी ते पाठ करून परीक्षेत लिहितात. ही तिन्ही प्रकरणे एकाच नटाच्या मुखातून प्रेक्षकांपर्यंत गेली, याची नोंद मात्र त्या पुस्तकात नसते. तिन्ही लेखकांच्या विनोदाला निरनिराळी नस आहे, आणि ती ओळखल्यावाचून एकाच शरीराने त्या तिघांना न्याय देता आला नसता. कामण्णात स्थिरता, बगारामात निरागसता, चिमणरावात आत्मविस्मृती. ही निवड करणारा नट वाङ्मयाचा जाणता वाचकही होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

यावर कोणी म्हणेल, की एका नटाच्या उपजत मुद्रेला आपण कलेचा मान देत आहा. त्यांचे यश बव्हंशी निसर्गदत्त होते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्यांच्या दीर्घ चित्रपट-कारकीर्दीत केवळ ती मुद्रा दाखवून हशा वसूल करणाऱ्या भूमिका असणारच. एकदा यशस्वी झालेल्या विनोदी नटाला स्वतःचीच नक्कल करायला लावणे हा आपल्या चित्रव्यवसायाचा जुना शिरस्ता आहे. पण गाणाऱ्याचा आवाजही निसर्गदत्तच असतो. दीनानाथांच्या तेजस्वी आवाजाला आपण निसर्गाचे दान म्हणून बाजूला सारीत नाही. त्या दानाचे त्यांनी काय केले, ते पाहतो. दामूअण्णांना निसर्गाने जे दिले ते दानही नव्हते. लौकिक दृष्टीने ती उणीवच होती. त्या उणिवेचे त्यांनी काय केले, हे पाहण्याचे कष्ट टीकाकारांनी घ्यावयास हवेत.

या दृष्टीने दोन लहान सूचना कराव्याशा वाटतात. जुन्या नाटकांच्या आवृत्त्या निघतात तेव्हा पहिल्या संचातील नटांची नावे द्यावीत, आणि ती नायक-नायिकेपाशी न थांबता गड्याच्या नावापर्यंत द्यावीत. दुसरे असे, की नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात विनोदी भूमिकांचा विचार स्वतंत्र प्रकरणाने व्हावा. नाटककाराच्या प्रकरणाला जोडलेल्या शेपटासारखा होऊ नये. यात विनोदी नटांवर उपकार करण्याचा प्रश्न नाही. त्यांच्यावाचून आपला विनोदाचा इतिहासच अर्धा राहतो.

राहिला तो आठवीतला मुलगा. आम्ही त्याला बोलावून बगारामाची गोष्ट सांगितली, दामूअण्णांविषयी सांगितले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, त्यांना पहिल्यांदा काम देताना कोणी काय सांगितले होते?” आम्हांला उत्तर देता आले नाही. गड्याचे काम त्याने घेतले नाही. त्या वर्षी त्याने पडदा ओढला, आणि तिन्ही अंकांत एकदाही चुकला नाही.